दोन तास तेरा मिनिटं

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018. अजून एक दिवस.

अमेरिकेच्या एफबीआयने त्या दिवशी बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला. येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा कट शिजतो आहे, आणि कार्ड देणाऱ्या कुठल्यातरी संस्थेत चोर आधीच शिरले असावेत, असा त्याचा आशय होता. संस्था कोणती, हे इशाऱ्यात नव्हतं.

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस सहकारी बँकेचं मुख्यालय आहे. 1906 साली स्थापन झालेली, तेव्हा 112 वर्षांची बँक. पिढ्यान् पिढ्यांची खाती, निवृत्तांच्या ठेवी, दुकानदारांची कॅश क्रेडिट, असा तिचा पसारा. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिथले कर्मचारी नेहमीसारखे घरी गेले. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी.

शनिवार, 11 ऑगस्ट, सकाळ. अजून काही तास.

आषाढी अमावास्या. रविवारपासून श्रावण लागणार, म्हणून घरोघर मटणाचा बेत. अलिबागजवळच्या आमच्या मांडव्यात समुद्राला अमावास्येचं उधाण. मुंबईच्या गेटवेहून येणाऱ्या लाँचा पावसाळ्यामुळे बंद होत्या आणि गाड्या नेणारी रो-रो बोट अजून सुरू व्हायची होती. ज्यांनी हा दिवस निवडला त्यांना आपली अमावास्या माहीत असायचं कारण नाही, पण दुसरा शनिवार त्यांनी नक्की हेरला होता असं मला वाटतं. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून 8 कोटी 10 लाख डॉलर गेले, तेव्हाही गुरुवारची रात्र निवडली होती. ढाक्यात शुक्रवारी सुट्टी असते.

तोवर नकली कार्डं तयार होऊन देशोदेशी पोचली होती. असं कार्ड बनतं कसं? कार्डाच्या मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पडताळणीचे काही आकडे असतात. ही माहिती कुठल्याही कोऱ्या पट्टीवर उतरवता येते. एटीएमच्या खाचेवर चिकटवलेलं स्किमर ती वाचतं. हॉटेलात बिलासाठी कार्ड आत नेलं आणि ते लपवलेल्या छोट्या यंत्रातून एकदा ओढलं, तरी काम होतं. मांडव्याला रो-रोतून उतरून आठवड्याच्या सुट्टीला येणारे पाहुणे आजही निर्धास्तपणे कार्ड दुसऱ्याच्या हातात देतात, तेव्हा त्यांना थांबवावंसं वाटतं. यंत्र टेबलापाशी मागवा, कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. चिपची नक्कल करणं फार अवघड आहे, पट्टीची अगदी सोपी. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने पट्टीची जुनी कार्डं बदलून चिपची देण्यासाठी 31 डिसेंबर 2018 ही मुदत घातली होती. ऑगस्टमध्ये पट्टीवर चालणारी कार्डं अजून बाजारात भरपूर होती.

पण नुसत्या नकली कार्डाने पैसे मिळत नाहीत. पिन बरोबर आहे का आणि खात्यात शिल्लक आहे का, हे दोन्ही प्रश्न एटीएम कार्ड देणाऱ्या बँकेला विचारतं. वाटेत स्विच नावाची संगणक यंत्रणा असते. ती निरोप मूळ बँकिंग प्रणालीकडे नेते आणि तिचं उत्तर परत आणते. कॉसमॉसमध्ये शिरलेल्यांनी मालवेअरच्या आधाराने एक बनावट स्विच उभा केला होता. आता प्रश्न आला की तो मूळ प्रणालीपर्यंत पोचायचाच नाही. बनावट स्विच परस्पर उत्तर द्यायचा: पैसे द्या.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. खातेदाराने पिन कितीही जपला असता तरी त्या दिवशी फरक पडला नसता. चोरी झाली ती बँकेच्या होकाराची.

शनिवार, दुपारी 3.

बँकेने पुढे पोलिसांकडे केलेल्या तक्रारीत नोंदलेला काळ इथून सुरू होतो. पुण्यात जेवणं आटोपून वामकुक्षीची वेळ, दुबईत दुपारचा दीड, लंडनमध्ये सकाळचे साडेदहा, न्यूयॉर्कमध्ये पहाट. 28 देशांत माणसं एटीएमपुढे उभी राहिली. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, रशिया. कार्ड आत, रक्कम बाहेर, पुढचं कार्ड.

परदेशात व्हिसा कार्डांवर सुमारे 12,000 व्यवहार झाले आणि 78 कोटी रुपये गेले. एका व्यवहारामागे सरासरी 65 हजार. तपासात पुढे आलं की हा उपसा दोन तास तेरा मिनिटांत झाला. म्हणजे दर सेकंदाला साधारण दीड व्यवहार. एकट्यादुकट्या चोराचं हे काम नव्हे. माणसं नेमणं, त्यांना कार्डं पोचवणं, वेळ ठरवणं आणि एका क्षणी सगळ्यांना सोडणं, असं मोठं नियोजन त्यामागे होतं.

भारतातही तेच चाललं होतं. रुपे कार्डांवर सुमारे 2,800 व्यवहारांत अडीच कोटी निघाले. एकट्या कोल्हापुरातल्या एटीएममधून जवळपास 90 लाख. टोप्या घातलेले तरुण यंत्रापुढे उभे राहून नोटा पिशवीत भरताना सीसीटीव्हीत दिसतात. कोल्हापूर निवडलं ते कदाचित तिथे कुणी शंका घेणार नाही म्हणून.

त्याच दुपारी, थोड्या वेळाने.

व्हिसाकडून पुण्याला इशारा आला: तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमांच्या मागण्यांचा पूर आला आहे. बँकेतल्या माणसांनी आपली यंत्रणा तपासली. तिथे काहीच वावगं नव्हतं. असणार कसं? निरोप मूळ प्रणालीपर्यंत येतच नव्हते. आपल्याच नोंदीवर विश्वास ठेवावा हे बँकेच्या माणसाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, आणि त्या दिवशी त्याच विश्वासाने घात केला.

सुमारे अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, सगळी कार्डं थांबवायला बँकेने व्हिसाला परवानगी दिली.

या अर्ध्या तासाचा हिशेब मी मांडून पाहिला. 133 मिनिटांत 78 कोटी, तर सरासरीने 30 मिनिटांत साडेसतरा कोटी. बँकेतल्या त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. डोळ्यांसमोरचा पडदा सगळं ठीक सांगत असताना सगळी कार्डं बंद करणं म्हणजे प्रत्येक खातेदाराचा रोष ओढवून घेणं. पण इशारा बाहेरून आला आणि आतली नोंद स्वच्छ दिसली, तर आधी दार बंद करावं आणि मग शोध घ्यावा, हा धडा फार महागात पडला. तुमच्या मोबाईलवर अनोळखी व्यवहाराचा संदेश येतो तेव्हाही हेच करा. आधी कार्ड बंद, मग 1930 वर फोन, मग बँकेत लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना परस्पर फसवणूक झाली आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही.

शनिवार, रात्री 10.

तक्रारीतला काळ इथे संपतो.

रविवार, 12 ऑगस्ट.

श्रावणाचा पहिला दिवस. व्हिसाने संशयित व्यवहारांची पूर्ण यादी पाठवली आणि आकडा समोर आला. कार्डं बंद होती, उपसा थांबला होता. संकट टळलं असं वाटणं स्वाभाविक होतं. पण चोर यंत्रणेच्या आतच होते.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30.

त्या वर्षीचा पहिला श्रावणी सोमवार, आणि बँकेचा सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस. आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या स्विफ्ट यंत्रणेतून, बँकेच्या नावाने, 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेत एएलएम ट्रेडिंग लिमिटेड या कंपनीच्या खात्यात गेले. इथे एटीएमही लागलं नाही आणि टोपीवाला तरुणही. शनिवारचा हल्ला कळून दोन दिवस होत आले होते आणि तरीही हे घडलं, याची मला सगळ्यात जास्त खंत वाटते.

एकूण 94 कोटी 42 लाख.

मंगळवार, 14 ऑगस्ट.

चतु:शृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. अध्यक्ष मिलिंद काळे यांनी पत्रकारांना सामोरं जाऊन सांगितलं की खातेदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत. ते खरंच होतं, कारण खात्यांना हात लागला नव्हता. तोटा बँकेचा होता. तरी एटीएम आणि नेट बँकिंग काही दिवस बंद ठेवावं लागलं.

पुढे काय झालं?

2 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकी सरकारने फास्टकॅश या नावाने याच पद्धतीची माहिती जाहीर केली: स्विचवर ताबा, बनावट होकार, आणि बहुधा शिल्लक नसलेल्या खात्यांची कार्डं. बोट उत्तर कोरियाकडे होतं. मार्च 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनेही कॉसमॉसचा हल्ला त्याच देशाच्या माथी मारला. पुण्याच्या पोलिसांनी 18 जणांना पकडलं, आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. बहुतेकांना चार वर्षं, दोघांना तीन. हे सगळे पैसे काढणारे आणि कार्डं पोचवणारे. ज्यांनी तो स्विच रचला त्यांच्यापैकी कुणीही पुण्याच्या न्यायालयात उभं राहिलं नाही.

जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की नवं कार्ड आधी फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रांवर चालेल; परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करायचे आणि हवे तेव्हा बंद करायचे. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी 5 कोटी 72 लाख रुपये पुणे पोलिसांच्या पाठपुराव्याने परत मिळाले. एटीएममधून रोख निघालेल्या साडेऐंशी कोटींचा माग मात्र बहुतेक ठिकाणी यंत्रापाशीच संपतो.