लेझर प्रिंटरचा कागद कसा घडला

लेझर प्रिंटरच्या कागदाचे निकष ठरले ते झेरॉक्सच्या यंत्रांवर. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात, याच यंत्रांमागचे तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनने विद्युतभाराच्या जोरावर पहिली प्रत काढली, ती मेणकागदावर. गंधकाच्या थरावरची भुकटी त्या कागदाने उचलली आणि ऊब मिळताच मेणाने ती धरून ठेवली. पुढे कचेऱ्यांत आलेल्या नकलेच्या यंत्रांनाही रसायनाचा लेप दिलेला खास कागदच लागे. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ ने ही अट मोडली. मात्र आत अडकलेला कागद कधी कधी उष्णतेने पेट घेई. म्हणून यंत्रासोबत आग विझवण्याचे नळकांडेही दिले जाई.

१९७१ मध्ये गॅरी स्टार्कवेदरने झेरॉक्सच्याच एका कॉपियरला लेझरची जोड दिली आणि १९८४ च्या एचपी लेझरजेटपासून हा प्रिंटर टेबलाटेबलावर पोहोचू लागला. कागदाची परीक्षा तीच राहिली.

ही परीक्षा शाईच्या कागदाहून अगदी वेगळी होती. बोरूच्या काळात कागदाला खळ लावून तो घोटत, कारण शाई फुटता कामा नये. लेझर प्रिंटरची भुकटी, म्हणजे टोनर, कागदात मुरतच नाही. कागदाच्या पाठीमागून दिलेला विद्युतभार ही भुकटी ड्रमवरून ओढून घेतो आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापलेला फ्यूजर ती वितळवून बसवतो. कागद दमट असला की भार निसटतो, अक्षरे फिकी उमटतात, वाफेने कागद वळतो. त्यामुळे कॉपियरच्या कागदात ओलावा बेताचा, साधारण ४ ते ६ टक्के ठेवतात आणि रीमला ओल न शिरणारे वेष्टन घालतात. कोकणातल्या पावसाळ्यात हे वेष्टन आधीच फोडून ठेवणे म्हणजे कारखान्याची सारी मेहनत वाया घालवणे. उलट फार कोरडे कागद एकमेकांना चिकटतात. इंकजेटचा चकचकीत कागद तर टाळावाच. त्याचा लेप फ्यूजरवर वितळून बसू शकतो.

वजनाचे माप कागदाच्या आकारांच्या १९२२ च्या जर्मन मानकाशी सहज जुळते. ए-० चे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि ए-४ हा त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए-४ ताव ५ ग्रॅम आणि ५०० तावांची रीम अडीच किलो भरते. रोजच्या कामाला ७५ ते ८० जीएसएम पुरतो.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात तुरटी आणि राळेची खळ रूढ झाली. तिच्या आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होई. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य गिरण्या कॅल्शियम कार्बोनेटयुक्त, आम्लरहित कागदाकडे मोठ्या प्रमाणावर वळल्या. काळा टोनर म्हणजे मुख्यतः कार्बन आणि प्लॅस्टिक. तो सहसा उडत नाही. त्यामुळे जतन करायच्या दस्तऐवजाचे आयुष्य बहुतेक कागदावरच ठरते आणि त्यासाठी आम्लरहित कागदच निवडावा लागतो.