अ‍ॅव्हरेज चांगले, हिशेब चुकीचा

नाशिकमधल्या आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कोणत्याही मालकाला ‘गाडी कशी आहे?’ म्हणून विचारा, उत्तर एका आकड्यात मिळते: ‘चार देते.’ लिटरला चार किलोमीटर. या आकड्यावर वाहतूक धंद्यात फार मोठी भिस्त आहे. चार देणारी गाडी चांगली, तीन देणारी विकायच्या लायकीची. चारवाला चालक प्रामाणिक, तीनवाला डिझेल काढतो. अलीकडे त्यात आणखी एका समजाची भर पडली आहे: ज्या ताफ्याचे सरासरी अ‍ॅव्हरेज जास्त, त्या ताफ्याचे प्रदूषण कमी. हे मत इतके रुजले आहे की त्याला पुरावा लागतो असेही कोणाला वाटत नाही.

या मताच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलले पाहिजे. अ‍ॅव्हरेज काढायला सोपे आहे. टाकी फुल करा, चालवा, पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. आपली एसटीसुद्धा दहा लिटरमागे किलोमीटर, म्हणजे केपीटीएल, याच मापाने डिझेल मोजत आली आहे. एकाच मार्गावर, तेवढ्याच मालाने धावणाऱ्या गाडीचा आकडा एकाएकी घसरला, तर इंजेक्टर, टायरमधली हवा, अडकलेला ब्रेक किंवा खरोखरची चोरी, यांपैकी काहीतरी हाती लागते. गाडीची स्वतःशीच तुलना करायची असेल तर हे माप उत्तम आहे. त्याबद्दल वाद नाही.

वाद सुरू होतो तो अनेक गाड्यांचे अ‍ॅव्हरेज एकत्र केले जाते तिथे. एका मालकाकडे लिटरला १२ देणारी पिकअप आणि ४ देणारा ट्रक आहे असे धरू. दोन्ही महिन्याला ३,००० किलोमीटर धावतात. बहुतेक वह्यांमध्ये १२ आणि ४ यांची बेरीज करून, दोनाने भागून, ‘ताफ्याचे अ‍ॅव्हरेज ८’ असे लिहिले जाते. त्या हिशेबाने ६,००० किलोमीटरला ७५० लिटर लागायला हवेत. प्रत्यक्षात पिकअपला २५० आणि ट्रकला ७५०, मिळून १,००० लिटर लागतात. खरे अ‍ॅव्हरेज ६ आहे. मधले २५० लिटर कोणी चोरलेले नाहीत, ते चुकीच्या भागाकारात गेले. पण संशय मात्र चालकावर येतो.

गाडी बदलताना हाच घोटाळा उलट्या बाजूने होतो. पिकअप १२ वरून १५ वर आली की मालक खूश होतो, आणि ट्रक ४ वरून साडेचारवर आला तर त्याची कोणी दखल घेत नाही. तीन हजार किलोमीटरला पिकअपचे ५० लिटर वाचतात, ट्रकचे ८३. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमकी हीच गफलत मांडली: इंधनामागे अंतर मोजले की माणसे बचतीचा अंदाज हमखास चुकवतात, अंतरामागे इंधन मोजले की तो बरोबर येतो. शंभर किलोमीटरला किती लिटर, असे विचारले की पिकअप ८.३ वरून ६.७ वर येते आणि ट्रक २५ वरून २२.२ वर. मग वेगळी आकडेमोड करावीच लागत नाही.

आता घाटाकडे वळू, कारण नाशिकच्या गाडीला घाट चुकत नाही. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून किमान ५६० मीटर धरू. न्हावाशेवा बंदराहून कसारा घाट चढून येणारी गाडी स्वतःचे आणि मालाचे वजन एवढे वर उचलून आणते. एकूण वजन २५ टन असेल, तर नुसत्या उचलण्यासाठी जवळपास १४ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमधून चाकांपर्यंत पोचते ती सव्वा ते दीड कोटी ज्यूल. म्हणजे चढाचेच दहाएक लिटर झाले. हीच गाडी रिकामी, १० टनांची, वर आली तर चारएक लिटर पुरतात. एक चालक पिंपळगावचा कांदा भरून बंदरावर जातो आणि रिकामा परततो. दुसरा रिकामा जातो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा कच्चा माल भरून येतो. अंतर तेच, टनही तेवढेच. तरी दुसऱ्याला दर फेरीला सहा लिटर तरी जास्त लागणारच. उतारावर पहिल्याला वजनाची मदतही होते, उरलेली ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. एवढे सगळे विसरून दोघांना एकाच अ‍ॅव्हरेजची अट घालणे हा दुसऱ्यावर उघड अन्याय आहे, आणि तो दर महिन्याच्या पगारात होतो. लासलगावच्या बाजार समितीबाहेर इंजिन चालू ठेवून काढलेल्या तासांचेही तसेच: डिझेल जळते, किलोमीटर शून्य.

प्रदूषणाचा दावा तर याहून कच्चा आहे. कार्बन डायऑक्साइड लिटरच्या मागे जातो: एका लिटर डिझेलमागे सुमारे २.६५ किलो. काजळी मात्र इंजिनाच्या पिढीच्या मागे जाते. बीएस-३ च्या अवजड इंजिनाला एका किलोवॅट-तासामागे ०.१० ग्रॅम कणांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ०.०१ आहे. अ‍ॅव्हरेज सारखे असलेल्या दोन गाड्यांच्या धुरात दहापट फरक असू शकतो.

८ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या सिटीलिंक या नाशिकच्या शहर बससेवेच्या ताफ्यात सीएनजी आणि डिझेल अशा दोन्ही बस आल्या, त्यामुळे हा प्रश्न शहरासमोर रोज उभा आहे. किलोला ४ देणारी सीएनजी बस आणि लिटरला ४ देणारी डिझेल बस सारखीच, असे सर्रास मानले जाते. एक किलो सीएनजी जळला की सुमारे २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे या तुलनेत किलोमीटरमागे सीएनजीचाच आकडा थोडा जास्त येतो. शिवाय न जळता निसटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. सीएनजीचे खरे श्रेय कमी काजळीचे आहे. ते त्याला जरूर द्यावे, पण काजळीच्याच रकान्यात.

त्याहून मोठी गोष्ट बसमध्ये बसलेल्या माणसांची आहे. किलोमीटरला ७०० ग्रॅम सोडणाऱ्या बसमध्ये ४० प्रवासी असतील तर माणशी साडेसतरा ग्रॅम येतात, आणि पाचच असतील तर १४०. लिटरला ५० देणारी, एकट्याने चालवलेली दुचाकी सुमारे ४६ ग्रॅम सोडते. पंधराएक प्रवाशांच्या खाली बस दुचाकीला हरते. अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात यातले काहीच उमटत नाही, उलट रिकाम्या बसचे अ‍ॅव्हरेज अधिक चांगले दिसते.

म्हणून माझा आग्रह असा आहे. आधी एकूण लिटर आणि एकूण किलोमीटर लिहा आणि ताफ्याचा भागाकार त्या बेरजांवरच करा. ट्रकला टन-किलोमीटरमागे आणि बसला प्रवासी-किलोमीटरमागे इंधन मोजा. ट्रिपशीटवर भरलेली की रिकामी, चढ की उतार आणि उभे राहिलेले तास यांची नोंद ठेवा. एका भरण्यावर निकाल देऊ नका. टाकी ‘फुल’ करताना फेसामुळे दोन लिटरचा फरक पडला, तरी ४० लिटरच्या हिशेबात तो पाच टक्के होतो; दहा भरण्यांच्या बेरजेत तो जवळपास विरून जातो. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये जादा गाड्या येतील. किती लिटरमध्ये किती भाविक किती किलोमीटर नेले, हा रकाना त्यांच्या कागदांत पहिल्या दिवसापासून हवा. आणि कमी अ‍ॅव्हरेजच्या नावाखाली ज्या चालकाचे पैसे कापले जातात, त्याला तो कागद मागून पाहता आला पाहिजे.