पुण्याची पदयात्रा आणि कलम ३७७

धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. पुण्यामुंबईतील सामाजिक मंथन येथील मराठी घरांना परके नाही. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध गुन्हा ठरले. त्याविरुद्धचा आवाज प्रथम छापील पानांतून उमटला: १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात या संस्थेच्या पुढाकाराने पहिली अभिमान पदयात्रा निघाली. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेस, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. पदयात्रा मात्र पुढेही निघत राहिल्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने गुन्हेगारीचा तो डाग पुसला. तथापि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा प्रश्न विधिमंडळावर सोपविला.

निकाल एका दिवसात फिरू शकतो. समाजमनाने दिलेला स्वीकार तसा फिरत नाही. वर्गातील एखादे मूल स्वतःविषयी मौन बाळगत असेल, तर ते मौन सुसह्य करण्याचे दायित्व न्यायालयाचे नव्हे, आपले आहे.