पॉइंट्स मोजून वजन कमी करणे: ही पद्धत काय आहे?

या पद्धतीत प्रत्येक पदार्थाला पॉइंट्स असतात. साखर आणि संपृक्त चरबी जास्त असल्यास पॉइंट्स वाढतात, प्रथिने व तंतुमय घटक असल्यास कमी होतात. वय, वजन, उंची यांवरून तुमची रोजची मर्यादा ठरते. तिच्यात राहून काय खायचे ते तुम्ही निवडता. अमेरिकेत १९६३ साली सुरू झालेला ‘वेट वॉचर्स’ हा यातील सर्वांत परिचित कार्यक्रम.

वजन का उतरते?
एकूण कॅलरी कमी झाल्यामुळे. म्हणून फोडणीचे तेल, पोळीवरचे तूप, चहातली साखर हेही मोजा.

‘शून्य पॉइंट’ म्हणजे शून्य कॅलरी नव्हे
बहुतेक ताज्या फळांना शून्य पॉइंट असतात, पण त्यांतील साखर रक्तात येतेच.

मधुमेह असल्यास
इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण एकदम कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर, लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णालयात न्या.

औषध स्वतःहून बंद करू नका. आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. गरोदरपणात ही पद्धत टाळा.