रविवारचे भाग

तळेगाव नावाची गावे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आहे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे, आणि नागपूर-अमरावती रस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात आमचे तळेगाव आहे. पत्र चुकू नये म्हणून आम्हांला गावापुढे श्यामजी पंतांचे नाव लिहावे लागते. अशा या आडबाजूच्या गावात दूरदर्शन कसे आले आणि त्याने आम्हांला काय दिले, त्याची ही हकिकत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती गोड लागावी अशी आशा आहे.

आमच्या आळीतल्या बायाबापड्या मालिकेच्या भागाला 'अध्याय' म्हणत. 'आज रामाचा कोणता अध्याय?' असे विचारीत. त्यात चूक काहीच नव्हती. चातुर्मासात पोथी लागावी, रोज एक अध्याय व्हावा, आणि उरलेली गोष्ट उद्यावर ठेवून माणसांनी घरी जावे, ही रीत त्यांना ठाऊक होती. पोथीची जागा पेटीने घेतली, एवढाच काय तो फरक.

ही पेटी आमच्यापर्यंत यायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. मुंबईचे केंद्र उघडले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहामार्फत २,४०० खेड्यांत चित्रे दाखवण्यात आली. पण ती खेडी सहा राज्यांतली होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुंबईकरांनी 'गजरा' पाहिला, चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊला बाळ कर्व्यांच्या रूपाने चालताबोलताना पाहिले, तेव्हा आमच्याकडे करमणूक म्हणजे भजन, दंडार आणि जत्रेतला सिनेमा एवढीच होती. त्या दिवसांत मुद्रणाच्या फिती महाग असत आणि एकीवरच पुन्हा नवे मुद्रण करीत, त्यामुळे तेव्हाचे कितीतरी कार्यक्रम कायमचे पुसले गेले. जे पुसले गेले ते पाहणाऱ्यांच्या आठवणीतच काय ते उरले.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी चित्रे रंगीत झाली. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिको देशात मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार करीत. त्यावरून ही कल्पना सुचली होती. मनोहर श्याम जोशी ती लिहीत, आणि भाग संपताच अशोककुमार येऊन घरच्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द बोलत. दीडशेहून अधिक भाग झाले. सामान्य घरातली भांडणे देशभर माणसे आपलीच समजून पाहू शकतात, हे त्या मालिकेने दाखवून दिले.

आमच्या आळीत पेटी आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. घरावर उंच बांबू, बांबूला अँटेना, तिचे तोंड नागपूरकडे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने वर चढायचे, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, 'आलं, आलं! आता हलवू नको!' २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी ते अंगण माणसांना पुरेनासे झाले. पेटीला हार घालीत, उदबत्ती लावीत. एकदा ऐन भागाच्या वेळी वीज गेली, तेव्हा एक म्हातारी कळवळून म्हणाली, 'काहून बाप्पा, आज राम नाही काय?'

पण खरी मौज पुढेच होती. वाहिनी एकच होती. जे लागेल ते पाहायचे, नाही तर उठून जायचे. त्यामुळे रामासाठी आलेल्या माणसांना शंकर नागांनी दाखवलेले मालगुडी गाव भेटले, गाजर खात चोर पकडणारा 'करमचंद' भेटला, शेतीचा सल्ला मिळाला, आणि १९८८ साली गोविंद निहलानींच्या 'तमस'मधली फाळणी पाहून सारे अंगण गप्प झाले. यातले एकही आम्ही मागितले नव्हते. निवडायला मिळाले असते तर आमच्या आळीने राम सोडून दुसरे काही निवडले नसते, हे मी आज खात्रीने सांगू शकतो.

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात 'महाभारता'चे ९४ भाग झाले. त्याच दिवसांत श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' लागे. पंडित नेहरूंच्या ग्रंथावरचे ५३ भाग. महाभारताला अंगण भरे. याला चारसहा माणसे उरत. त्यांत आमच्या आळीतले एक आजोबा असत. लिहिणेवाचणे बेताचेच; पण हरप्पापासूनचा प्रत्येक भाग त्यांनी काठीवर हनुवटी टेकून पाहिला. अखेरच्या भागांत स्वातंत्र्याचा लढा आला, तेव्हा ते पुढे सरकून बसले. भाग संपला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'बेटा, यात आपली आष्टी आलीच नाही.'

मला आष्टी म्हणजे तालुक्याचा बाजार एवढेच ठाऊक होते. त्या दुपारी ओट्यावर बसून आजोबांनी मला १६ ऑगस्ट १९४२ चा दिवस सांगितला. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेली माणसे, पोलीस ठाण्यावर गेलेला मोर्चा, गोळीबार, दोन्हीकडे सांडलेले रक्त. गोळीचा आवाज कसा होता हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता. त्यांच्या घरच्यांनीही ही हकिकत कधी विचारली नव्हती, आणि पडद्यावर तो भाग लागला नसता तर मीही विचारली नसती. पुढे मी शिक्षक झालो, दोन अक्षरे लिहू लागलो. इतिहास विचारावा लागतो, हा माझा पहिला धडा त्या ओट्यावरचा.

१९९२ साली झी वाहिनी आली, १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आली, 'आभाळमाया' आली. घरोघरी पेट्या आल्या आणि अंगण रिकामे झाले. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत रामायण पुन्हा लागले, पण ते ज्याने त्याने दार लावून पाहिले. आता तर प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. वाटेल तो भाग वाटेल तेव्हा पाहता येतो. ही सोय थोर आहे, मला तिचा हेवा नाही. पण ज्याला जे आवडते तेच त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा येते, आणि शेजारी बसलेला आजोबा काय पाहून हळहळला हे नातवाला कळत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत एक करून पाहा. फराळानंतर सगळ्यांनी मिळून एखादा जुना भाग लावा; कोणता, ते घरातल्या सर्वांत वडील माणसाला ठरवू द्या. भाग संपला की लगेच उठू नका. त्यात काय आले नाही, ते त्यांना विचारा.