साखर एक, आकडे दोन

कुवेतच्या सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी साखर ७ निघाली, तर पुण्याच्या लॅबमध्ये तीच १२६ लिहितात. १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकात एसआय एकके वापरण्याची शिफारस केली. इकडे मिलिमोल रुळले, भारतात मिलिग्रॅमच टिकले. १९९४ मध्ये अमेरिकेतील रीगनस्ट्रीफ संस्थेने तपासण्यांना सगळीकडे चालतील असे क्रमांक द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये भारताच्या आरोग्य-नोंदींच्या मानकांत ही ‘लॉइंक’ पद्धत आली. तिच्यात दोन्ही एककांतल्या साखरेला वेगवेगळे क्रमांक आहेत, म्हणजे संगणकाची गल्लत टळते. आपली होऊ शकते. म्हणून आई-बाबा इथे आले की त्यांची फाइल डॉक्टरांना दाखवताना आकड्याशेजारचे एकक आधी वाचा. साखरेचे मिलिमोल १८ ने गुणले की मिलिग्रॅम मिळतात. क्रिएटिनिनला मात्र हा १८ चालत नाही.