साखर आटोक्यात आली, पण हृदयाचे काय?

१/ जानेवारी १९२२. टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचण्यात आले. मधुमेहातील बेशुद्धीने होणारे मृत्यू पुढे ओसरले. रुग्णांचे आयुष्य वाढले आणि दुसराच शत्रू समोर आला : हृदयविकार. साखर उतरवूनही तो पुरता हटेना.

२/ त्याच्यावरचे अस्त्र बुरशीत दडलेले होते. टोकियोतील सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरशींचे नमुने तपासले. १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून कॉम्पॅक्टिन हाती आले. शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मितीच ते रोखत असे. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांतून शंका उद्भवल्या आणि १९८० मध्ये सांक्योने ते काम थांबवले. त्याच कुळातील मर्कच्या लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

३/ कोलेस्टेरॉल उतरते, हे दिसले; पण जीव वाचतो का? उत्तर १९९४ मध्ये मिळाले. स्कँडिनेव्हियातील ‘४एस’ चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषधहीन गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचा धोका ३० टक्क्यांनी घटला.

४/ या गर्दीत मधुमेही होते अवघे २०२. १९९७ मध्ये त्यांची आकडेवारी वेगळी काढली, तेव्हा हृदयाच्या गंभीर घटनांचा धोका ५५ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र चाचणी त्यांच्यासाठी आखलेली नव्हती आणि ते सारे आधीच हृदयरुग्ण होते. हृदय अजून शाबूत असलेल्या मधुमेहीचे काय, हा प्रश्न उरलाच.

५/ त्यासाठी ब्रिटन व आयर्लंडमध्ये ‘कार्ड्‌स’ चाचणी झाली : टाइप २ मधुमेहाचे २,८३८ रुग्ण, हृदयविकाराचा पूर्वेतिहास नाही, कोलेस्टेरॉलही फार चढलेले नाही. रोज १० मिलिग्रॅम ॲटॉर्व्हास्टॅटिन. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी सुमारे दोन वर्षे आधीच थांबवली गेली. २००४ चा निष्कर्ष : हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ३७ टक्क्यांनी, तर पक्षाघात ४८ टक्क्यांनी कमी.

६/ इतिहासाने एक विरोधाभासही नोंदवला. २०१० मध्ये १३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात स्टॅटिनमुळे नव्याने मधुमेह होण्याची शक्यता ९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तरीही हृदयाला होणारा लाभ त्याहून मोठा ठरला.

७/ बदलला तो मूळ प्रश्नच. पूर्वी वैद्यक विचारत असे, ‘कोलेस्टेरॉल किती?’ आता विचारू लागले, ‘या माणसाचा एकूण धोका किती?’ मधुमेहाच्या उपचारात साखरेच्या जोडीला हृदयाचा हिशेब मांडला जाऊ लागला, तो या प्रश्नामुळे.